बाजूला ठेवलेली माती

वडीगोद्रीजवळची मुरमाची खाण बंद झाली, आणि खड्डा बुजवून तिथं झाडं लावायचं ठरलं. खोदकामाआधी माळावरची माती काढून बाजूला ढीग घातला होता. तीच आता वर पसरली. चतुराबाई तिथं रोजानं रोपं लावत होती. तान्हं लेकरू गेलं की जाळत नाहीत, पुरतात. तिनं आपली मुलगी याच माळावर पुरली होती. माळ खोदला तेव्हा ती ऊसतोडीला गेलेली.

"मावशी, कुदळ घ्या. हातानं काय भुईमुगाच्या शेंगा वेचून राह्यल्या?" मुकादम कल्याण हसला.

"माही पोरगी हाय रे या मातीत. कुठं, ते ठाव न्हाई."

कल्याणनं पायाखाली पाहिलं. बाजूला सरकावं, तर सगळीकडं तीच माती होती.