दोघींच्या गप्पा

भोकरदनला माझे ब्लाउज शिवणाऱ्या बाई मशीनला मोबाइल टेकवून पॉडकास्ट लावतात. त्यात दोन मैत्रिणी भुताच्या जुन्या सिनेमांवरून एकमेकींना मधेच तोडत वाद घालतात. वाद रंगला की बाईंची कात्री कापडातच थांबते. त्यांनी त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही. मी दाखवते म्हटलं, तर म्हणाल्या, "भूत कोणाला पाह्यचंय? माझी बहीण अशीच मधी मधी बोलायची."

बहीण कुठे असते, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

परवा गेले, तर पॉडकास्टमध्ये एकटीच बोलत होती. दुसरीनं कार्यक्रम सोडला म्हणे. "घाबरलात का?" तिनं ऐकणाऱ्यांना विचारलं. बाईंनी मशीन थांबवली, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मोबाइलला म्हणाल्या, "न्हाई गं. तू बोल, मी हाय ना."