नव्या चपला आणि दोन विद्यापीठं
चपलांच्या दुकानात नव्या चामड्याचा वास आला की मला आजही दमल्यासारखं होतं. बाबांनी शहापूरच्या बाजारातून तशा चपला घेतल्या होत्या, कारण आमच्या किन्हवलीतली भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, अर्धी टाकून ते माझ्या प्रवेशासाठी पुण्याला निघाले होते आणि विद्यापीठात रबरी स्लीपर घालून कसं जायचं? मला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळत होता. दोन्ही एकाच रस्त्यावर, चालत अर्ध्या तासाच्या अंतरानं. विषय तोच, फी तीच, फाटकाजवळचा गुलमोहरसुद्धा तसाच. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र एकच, तो एकाच ठिकाणी द्यायचा. मी एकीकडचं ग्रंथालय बघितलं, दुसरीकडचं वसतिगृह, मग काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा पहिल्या ठिकाणी आले. तिथं बाबा पायरीवर बसले आणि म्हणाले, “हेच घे गो. बरं हाय.” मी चिडले. “तुमाला काय कळतंय त्यातलं?” “नाय कळत,” ते म्हणाले, “पानी तं दोन्हीकडं गोडच लागलं.” केवळ ते ‘हेच घे’ म्हणाले म्हणून मी मुद्दाम त्यांना परत चालवत नेलं आणि दाखला दुसरीकडे दिला. परतीच्या एसटीत त्यांनी चपला काढल्या. आवणीच्या चिखलात राहून बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या, त्या नव्या पट्ट्यांनी सोलून रक्त आलं होतं. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले. दोन्ही सारखीच होती, तर तू हेच का निवडलंस, असं अजूनही कुणी विचारतं. मी अभ्यासक्रमाचं काहीतरी सांगते.