आबांना ‘बरोबर’ ऐकायचं असायचं

आबा गेले त्याला आता महिना होत आला. त्या दिवशी सकाळी मनमाडहून शेजारच्या सलीमभाईंचा फोन आला, “ताई, आबा अंगणात चहा घेत बसले होते. मी हाक मारली, तर बोललेच नाहीत...” वय ब्याऐंशी. अंथरुणाला खिळले नाहीत, स्वतःच्या घरातून गेले. भाग्यवान, असं सगळे म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. तरी रडायचं ते रडलेच.

माझे वडील, आबा, मनमाडजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. फाटकाजवळच्या खोलीत भिंतीवर काळा फोन होता. गाडी सुटली, फाटक बंद कर, असं स्टेशनमास्तर सांगणार; आबांनी ते जसंच्या तसं परत म्हणायचं; मास्तर ‘बरोबर’ म्हणाला की मगच फोन ठेवायचा. सगळी नोकरी त्यांनी या शिस्तीत काढली. आई गेली तेव्हा मी हट्टालाच पेटले, घराला कुलूप लावा आणि नाशिकला माझ्याकडे चला. ते ऐकेनात. शेवटी मी साधा बटणांचा मोबाइल घेऊन गेले आणि अट घातली. रोज संध्याकाळी सात वाजता मी फोन करणार, तुम्ही तो उचलायचा. महिनाभरात जमलं नाही तर सामान बांधायचं. आपलं घर राहणार की सुटणार, हे आता त्या एवढ्याशा यंत्रावर आहे, हे आबांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी भिंतीत खिळा ठोकला आणि मोबाइलला दोरी बांधून तो टांगून ठेवला. रिंग वाजली की डोक्यावर टोपी घालून खिळ्यासमोर ताठ उभे. “सोपान बोलतोय, मनमाड.” मी म्हणायचे, “आबा, मी सुमन. रात्रीची गोळी विसरू नका.” तिकडून, “सुमन. रात्रीची गोळी विसरू नका. बरोबर?” मी ‘बरोबर’ म्हणेपर्यंत गाडी पुढे हलायची नाही. दोन मिनिटांच्या बोलण्याला दहा मिनिटं लागायची आणि माझं डोकं फिरायचं. “आबा, मी काय मास्तर आहे का?” “मास्तर नाय, पण फोन हाय ना?”

दुसऱ्याच आठवड्यात कुठल्याशा जाहिरातीतल्या रेकॉर्ड केलेल्या बाईने त्यांना एक दाबायला सांगितलं. आबांनी रीतीप्रमाणे विचारलं, “एक दाबा. बरोबर?” बाईने पुन्हा तेच म्हटलं, तशी त्यांची खात्री पटली आणि त्यांनी दाबलं. झालं! त्यानंतर आबांना फोन लावला की रिंगऐवजी वरातीचं गाणं वाजायला लागलं. आईला जाऊन जेमतेम चार महिने झालेले. आत्याने मला हळूच विचारलं, “दादाचं काय चाललंय गं?” ते गाणं बंद करायला मला मनमाडला जावं लागलं. पण महिना संपला तेव्हा आबांचा एकही फोन चुकला नव्हता. मी हरले, आणि खरं सांगायचं तर मनातून खूश झाले.

स्वतःहून मात्र ते मला कधी फोन करत नसत. मी रुसले की म्हणायचे, “फाटकावरून फोन गेला म्हंजी मास्तरच्या पोटात गोळा. लाइनीवर कायतरी अडकलं आसंल तवाच करायचा. तुला उगा कशाला घाबरवू?”

अशी पाच-सहा वर्षं गेली. एका संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन केला, “सगळं ठीक आहे आबा,” म्हटलं आणि ठेवला. पाच मिनिटांत माझा मोबाइल वाजला. आबा! माझ्या पोटात खरंच गोळा आला.

“सुमन, तू ‘बरोबर’ म्हनली नाय.”

“अं?”

“सगळं ठीक हाय, आसं मी परत म्हनलो. तू बोललीच नाय, फोन ठेवला. काय अडकलंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी तपासणी होती. छातीत गाठ लागली होती. घरी मी ‘किरकोळ आहे’ म्हणून सांगितलं होतं... आणि मग स्वयंपाकघरात उभी राहून मी आबांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग सावकाश म्हणाले, “छातीत गाठ. उद्या सकाळी तपासणी.” त्या दिवशी त्यांनी ‘बरोबर?’ विचारलं नाही. सकाळी दवाखान्यात पोचले, तर बाकावर टोपी घातलेले आबा माझ्या आधी येऊन बसलेले. पहिली गाडी पकडून आले होते. गाठ साधी निघाली. आठ दिवस राहून ते परत गेले, आणि मनमाडच्या घराला कुलूप लावायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

आता संध्याकाळी सात वाजले की माझा हात आपोआप फोनकडे जातो. आबा गेल्यापासून मैत्रिणी, नातेवाईक आवर्जून चौकशी करतात, “सुमन, कशी आहेस?” मी म्हणते, “सगळं ठीक आहे.” ते “बरं” म्हणतात आणि फोन ठेवून देतात.