कडी काढू नकोस

तो खुनाखुनीचा सिनेमा फुटकळ होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. रक्त म्हणजे सरळसरळ गुलाबाचं सरबत. बंगला एकच आणि त्याचा तोच जिना पाच वेळा. मेलेल्या बाईच्या पापण्या लवत होत्या. दारावर थाप पडली तर एकही बाई "कोण आहे?" म्हणून विचारत नव्हती, आमच्या चाळीत हे शक्यच नाही. पण दिग्दर्शकाला एक गोष्ट पक्की कळली होती. खुनी दिसायचा नाही, बोलायचा नाही. दाराबाहेर नुसता घरघरत श्वास घ्यायचा, आणि जी कडी काढायची ती मरायची. खिशात दमडी नव्हती म्हणूनच त्याला हे सुचलं असणार.

आम्ही तेव्हा अंबरनाथला राहायचो. बाबा केमिकलच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचे. घरात व्हिडिओ आणायचा नाही, हा त्यांचा हुकूम. आई लग्नाला गावी गेली आणि मी नि धाकट्या बहिणीने उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून व्हीसीआर भाड्याने आणला, चादरीत गुंडाळून. "अकेले मत देखना, बेबी," म्हणत त्याने ही कॅसेट हातात ठेवली. भर दुपारी खिडक्या लावून आम्ही बसलो.

सिनेमा रंगात आला आणि आमच्याच दारावर थाप पडली.

"कोण आहे?" मी विचारलं.

बाहेरून नुसती घरघर.

"ताई, कडी काढू नकोस," बहीण रडकुंडीला आली. बाबांची पाळी सुटायला अजून दोन तास होते. पुन्हा थाप पडली, या वेळी हळू. मग खोकला. तो खोकला मी झोपेतही ओळखला असता.

तरी मी दार उघडलं नाही. आधी वायरी काढल्या. व्हीसीआर पलंगाखाली सरकवला, वर चादर सोडली, खिडक्या उघडल्या. मग कडी काढली.

बाबा उंबऱ्याशी बसले होते, ओठ निळे पडलेले. कंपनीत गॅस गळला होता आणि त्यांच्या घशातून शब्द फुटत नव्हता. शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

ते वाचले. आठवड्याने आवाज परत आला तेव्हा भेटायला आलेल्यांना म्हणाले, "पोरी हुशार आहेत माझ्या. ओळख पटल्याशिवाय दार उघडलं नाही."

मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजले.