कुऱ्हाडीला गुण नव्हते

चष्मा शोधताना ड्रॉवरमध्ये जुनं लाल पेन सापडलं. टोपण काढलं तर सुकलेल्या शाईचा तोच वास आला, आणि नाशिक रोडच्या शाळेतली ती पेपर तपासणी आठवली.

तेव्हा मी दहावीच्या इतिहासाचा नियामक, म्हणजे परीक्षकांच्या कामावर देखरेख करणारा होतो. परीक्षक मिळता मिळत नसत. कुणाची कंबर दुखे, कुणाच्या घरी लग्न. पेठच्या नवीन गावितबाई मात्र पहाटेची एसटी पकडून आल्या. दुपारपर्यंत त्यांचे जेमतेम सात पेपर झाले होते.

"बाई, करताय काय?"

"वाचतेय, सर. जंगल कायद्याच्या उत्तरात या मुलीने पणजोबांची कुऱ्हाड जप्त झाल्याचं लिहिलंय. पुस्तकात नाही, पण खरं वाटतं."

पंखा गरम हवाच ढवळत होता, गठ्ठे तसेच पडले होते. मी पार थकलो होतो. "वाचत बसू नका," मी म्हणालो. "मुद्दे मोजा, टिक मारा, पुढे चला."

नमुना उत्तरात कुऱ्हाड नव्हती. बाईंनी पाचपैकी एक गुण दिला आणि पान उलटलं. संध्याकाळी त्यांचा गठ्ठा सगळ्यांच्या आधी संपला. मी चारचौघांत त्यांचं कौतुकही केलं.

एप्रिल आला की येतो तसा आजही फोन आला. आता गावितबाईच नियामक आहेत.

"सर, यंदाही परीक्षक मिळेनात. निवृत्त असलात तरी चालेल, या ना."

"डोळे साथ देत नाहीत, बाई. वाचवत नाही आता."

"वाचायचंय कुठे, सर?" त्या सहज म्हणाल्या. "मुद्देच तर मोजायचेत."