मोटारसायकलची मूठ आणि माझा उजवा हात

मी जनावरांची डॉक्टर. राहते परभणीत, नोकरी जिंतूर तालुक्यातल्या दवाखान्यात. एसटी जिंतूरच्या स्टँडवर सोडते, पण गाई-म्हशी स्टँडवर येत नाहीत, त्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यात, बांधलेल्या असतात. म्हणून पहिल्या दिवसापासून मी मोटारसायकलनंच जाते. बाई मोटारसायकलवर आली की पूर्वी लोक बघत राहायचे. आता फक्त औषध आणलं का, एवढंच विचारतात.

एका आखाड्यावर एका मावशींची एकुलती एक गाय होती. गाभण आहे का, ते बघायला त्यांनी मला बोलावलं. मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून तपासलं आणि सांगितलं, "रिकामी आहे."

तीन महिन्यांनी त्याच रस्त्यानं जाताना मावशींनी मला थांबवलं. "डॉक्टरीनबाई, तुमी रिकामी म्हनल्या, आन् हिच्या पोटात तर वासरू हालायलंय!" असं म्हणून त्या हसल्या. त्यांना आनंदच झाला होता. मला मात्र ही चूक का झाली, ते ठाऊक होतं. तासभर मूठ पिळून गाडी चालवली की माझ्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर व्हायची. त्या दिवशी आत काय लागलं आणि काय नाही, ते बोटांना कळलंच नव्हतं, आणि ते मी कबूल केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. मनगटातली नस दबते आहे, म्हणाले. "गाडी बंद करा, नाहीतर ऑपरेशन करू."

घरी येईपर्यंत माझा निर्णय झाला होता. त्रास गाडीचा नव्हता, मूठ सतत पिळून धरण्याचा होता. तेवढंच बंद करायचं. मोठ्या गाड्यांत क्रूझ कंट्रोल असतं. बटन दाबलं की ठरलेला वेग गाडीच धरून ठेवते. माझ्या जुन्या मोटारसायकलला ते बाहेरून बसवता येतं, असं वाचलं आणि संच मागवला. एक लहान मोटार, तिच्यातून निघणारी केबल, बटनांची पट्टी आणि वायरींचा गुंता.

नेहमीच्या मेकॅनिकनं खोकं उघडलं आणि लगेच बंद केलं. "मॅडम, कंपनीनं दिलं न्हाई ते आपण कशाला लावायचं? गाडी थांबलीच न्हाई तर लोक मलाच धरतील."

"मग मी बसवते," मी म्हणाले. आतड्यांना टाके घालणाऱ्या हातांना चार वायरी जड नव्हत्या.

रविवारी अंगणात गाडी डबल स्टँडवर लावली. वडील खुर्ची घेऊन शेजारी बसले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी विजेच्या खांबांवर चढून केली, वायरमन म्हणून. मी संच कसा चालू होतो ते सांगायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"चालू कसं व्हतं ते मागून सांग बाई. आदी बंद कसं व्हतं ते सांग."

"पुढचा ब्रेक, पायाचा ब्रेक, क्लच. कशालाही हात-पाय लागला की बंद."

"आन् ती वायरच तुटली तर?"

दादा उठले, त्यांच्या पेटीतून एक लाल स्विच काढला आणि म्हणाले, "हा डाव्या मुठीपाशी लाव. ह्यानं करंटच तुटंल."

टाकी उतरवली, खाली मोटार बसवली, तिची केबल मुठीच्या केबलला जोडली. मागच्या चाकाला वेग मोजायचं चुंबक लावलं. जोड सगळे मीच केले, दादांनी एकेक ओढून पाहिला. दुपारी गाडी सुरू केली, चाक हवेत फिरायला लागलं, बटन दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बटनांच्या पट्टीवरचा दिवासुद्धा लागला नाही.

मी सगळे जोड पुन्हा उघडायला निघाले, तेव्हा दादांनी सोबतचा कागद वाचून दाखवायला सांगितलं. एका ओळीवर त्यांनी मला थांबवलं. ते यंत्र आधी ब्रेकच्या वायरीतून मागच्या बल्बपर्यंत तपासतं. तिथं आत तार असलेला साधा बल्ब सापडला नाही, तर वायर तुटली असं समजून काम नाकारतं. आणि मी तर हौसेनं मागं एलईडी लावला होता.

"शहाणं हाय," दादा खूश होऊन म्हणाले. "खातरी पटल्याबिगर हात लावत न्हाई."

जुना बल्ब परत बसवला आणि दिवा लागला. चाक हवेत असल्यामुळे वेग वरखाली होत होता, पण यंत्र धरत होतं. दादांनी मला वीसेक वेळा ब्रेक दाबायला लावला, तेवढाच क्लच, तेवढाच लाल स्विच. दर वेळी मूठ सुटली.

दुसऱ्या रविवारी सकाळी जिंतूर रोडला निघालो. दादा हट्टानं मागं बसले. रस्ता मोकळा झाल्यावर पन्नासवर बटन दाबलं.

"धरलं का?"

"धरलं, दादा."

"मग मूठ ढिली कर की!"

बोटं ढिली केली. हँडलवर हात नुसता टेकवलेला, गाडी तशीच चाललेली. दोन्ही बाजूंना कापूस होता. पुढं एक ट्रॅक्टर शेतातून अचानक रस्त्यावर आला. ब्रेकला बोट लागताच यंत्र सुटलं, गाडी मुकाट थांबली. दादांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली.

तेव्हापासून रोज जिंतूरपर्यंत ते यंत्र वापरते. पुढच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर लाल स्विच बंद. दोन-अडीच महिन्यांत बोटांची बधिरता गेली, ऑपरेशन टळलं. आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला: हाताची खात्री नसेल, तर मालकाला तसं सांगायचं आणि आठ दिवसांनी पुन्हा जायचं. यानं माझा मान कमी झाला नाही.

मागच्या महिन्यात वालूरला नात्यातलं लग्न होतं. दादा म्हणाले, "किल्ली दे, मी चालवतो." मी मागं बसले. सरळ रस्ता लागल्यावर त्यांच्या कानाशी ओरडले, "दादा, बटन दाबा की!"

"मला कशाला?" ते म्हणाले. "माझा हात धड हाय." आणि वालूर येईपर्यंत मूठ स्वतःच पिळत राहिले.