बावखलाचा कायदा
सांडोरला आमच्या आळीत डायना लोपीस राहते. वय बावीस, फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते, आणि एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याचं डोकं फिरवून सोडते. शाळेत मी तिला गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी ही गप्प बसायची नाही. "पण हिल्डा टीचर, असंच का?" म्हणून अर्धा तास खायची. मी निवृत्त झाले, पण तिच्यापासून काही माझी सुटका झाली नाही.

झालं असं, की परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने जगभरातल्या तरुण मुलांकडून कल्पना मागवल्या. अंतराळ सुरक्षित कसं ठेवायचं, आणि पुढच्यांनाही वापरता येईल असं स्वच्छ कसं ठेवायचं? वर म्हणे बंद पडलेले उपग्रह आणि रॉकेटचे तुकडे भन्नाट वेगाने फिरत असतात. एक दुसऱ्यावर आदळला की त्याचे आणखी तुकडे. साफ करायला कुणी पुढे होत नाही, कारण प्रत्येक जण म्हणतो, घाण माझ्या एकट्याची आहे का? आणि कुणी दुसऱ्या देशाच्या मेलेल्या उपग्रहाजवळ गेलाच, तर तो देश म्हणतो, हे साफ करायला नाही, हेरगिरी करायला आले.

"टीचर, हे तर आपलं बावखलच आहे," डायना माझ्या ओट्यावर बसून म्हणाली.

बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. आमच्या आळीतलं सहा घरांचं सामायिक आहे, माझं घर त्यात नाही. त्याच्या पाण्यावर केळी, भाजी, सगळं. जुना कायदा असा, की मे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस गाळ काढायला उतरणार. गाळ कुणाच्या बाजूचा, हे विचारायचं नाही. सगळे एकाच दिवशी, एकमेकांच्या डोळ्यांदेखत उतरणार, म्हणजे कुणी दुसऱ्याच्या काठाचा दगड सरकवला, पाट वळवला, असा संशय नको. आणि ज्या घरातून कुणी उतरलं नाही, त्या घराला वर्षभर पाणी बंद.

डायनाने हेच वर नेलं. ज्याला नवीन उपग्रह सोडायचाय त्याने आधी वरचा कचरा खाली आणायचा, कुणाचाही असो. सगळ्यांनी ठरल्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. नाही आणला, तर त्याने नवीन सोडायचा नाही. मला कल्पना आवडली. मी तिच्या निबंधातल्या चुका काढून दिल्या आणि मनात म्हटलं, पोरगी शहाणी झाली.

कसली शहाणी! ती शेवटच्या फेरीत गेली. कॉम्प्युटरवर मुलाखत झाली तेव्हा परीक्षक बाईंनी नेमकं विचारलं, "तुमच्या गावात हा नियम अजून चालतो का? न पाळणाऱ्याला कोण अडवतं?" ही ठणकावून म्हणाली, "चालतो. पुढच्याच रविवारी गाळ काढायचा दिवस आहे. व्हिडिओ पाठवते."

मी कपाळावर हात मारला. आळीत बोअर आल्यापासून त्या बावखलात कुणी पाय घातलेला नाही. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खारट झालं की सगळे गुपचूप मोटारीचे पाइप बावखलात सोडतात, पण गाळाचं नाव काढत नाहीत.

"खोटं का बोललीस?"

"रविवारपर्यंत खरं करायचंय, टीचर."

मग सुरू झाली घरोघरची वरात, आणि मला का ओढलं, देव जाणे. ऑगस्टीन म्हणाला, "मी तयार आहे. आधी बाकीचे येऊ देत." बाकीच्यांकडे गेलो तर ते म्हणाले, ऑगस्टीन आला की येऊ. एरॉल म्हणाला, "आमची बोअर आहे, आमचा काय संबंध?" त्याचा पाइप तेव्हा खिडकीतून आम्हाला दिसत होता, बावखलात बुडालेला. डायनाचा बाप आल्बर्ट तर सगळ्यांवर कडी. एरॉलने कधीतरी कुंपण हातभर पुढे घेतलं म्हणून याचा राग. "तो उतरला तर मी उतरेन. त्याची घाण मी का काढू?"

"पप्पा, मी निबंधात हेच लिहिलंय," डायना म्हणाली.

"छान लिहिलंयस," तो म्हणाला आणि केळीला पाणी सोडायला गेला. पाणी कुठलं? बावखलातलंच.

पण अभिमान मात्र प्रत्येकाला! पोरगी शेवटच्या फेरीत गेली हे कळल्यावर ऑगस्टीनने वर्गणी न मागता स्वतःच्या खिशातून फ्लेक्स लावला. त्यावर डायनाचा फोटो, मागे रॉकेट, खाली सहाही घरच्या कर्त्यांची तोंडं, आणि वर 'सांडोरची अंतराळकन्या'. बांधला कुठे? बावखलाच्या काठावरच्या भेंडीच्या झाडाला. शुक्रवारी वारा सुटला आणि अंतराळकन्या सहा कर्त्यांसकट पाण्यात गेली. दोन दिवस तिथेच तरंगत होती. येणारा-जाणारा हळहळत होता, पण काढली कुणी नाही. मला इतका संताप आला, की मी ऑगस्टीनशी बोलणं सोडलं. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर मी बावखलावर गेले, तर सहाही घरं हजर! माझा जीव भांड्यात पडला. मग नीट पाहिलं. इस्त्रीचे शर्ट, पॉलिश केलेले बूट, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या. व्हिडिओ परदेशात जाणार म्हणून मंडळी नटूनथटून आली होती. खोरं एकाच्याही हातात नव्हतं. ऑगस्टीन केसांवरून कंगवा फिरवत विचारत होता, "कॅमेरा कुठल्या बाजूला?"

बावखलात एकटी डायना होती, गुडघाभर गाळात. व्हिडिओ काढायला मोबाइल तिने माझ्या हातात दिला होता. तिने आधी तो फ्लेक्स ओढून काढला आणि काठावर फेकला. मग घमेली भरायला लागली. काठावरून सूचनांचा पाऊस. इकडून घे, तिकडून घे, पाय जपून. अर्धा तास झाला, तासही झाला. माझा हात दुखला, तिची पाठ मोडली, पण काठावरचा एक बूट हलला नाही.

ती थांबली. मला वाटलं, रडते आता. ती सरळ पाण्यातून चालत मोटारींच्या कोपऱ्यात गेली. तिथे पाइप बुडालेले होते. तिने एक पाइप दोन्ही हातांनी उपसला आणि काठावर टाकला.

तो एरॉलचा नव्हता, ऑगस्टीनचाही नव्हता. तो आल्बर्टचा होता.

"ए, काय करतेस?" आल्बर्ट ओरडला. "घड भरत आलेत! आठवडाभर पाणी नाही मिळालं तर केळी उभीच्या उभी करपतील!"

"आपल्या घरातून तुम्ही उतरला नाहीत."

"तू उतरलीस ना! तू काय शेजारच्या घरातली?"

"मी परीक्षक बाईंसाठी उतरले. केळी तुमची आहेत. पाइप परत टाकलात तर मी परत काढीन. रोज काढीन."

काठावरची मंडळी माना उंचावून बघायला लागली. एरॉलला तर हसू आवरत नव्हतं. डायनाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी आपल्या घराचा," ती बापाला म्हणाली. "त्याशिवाय त्यांच्या पाइपला हात लावायचा मला हक्क नाही."

आल्बर्टने तिच्याकडे पाहिलं, वाडीकडे पाहिलं. मग बूट काढले, पॅण्ट दुमडली आणि पोरीला, मला, परीक्षक बाईंना आणि समस्त उपग्रहांना शिव्या घालत गाळात उतरला. बाप-लेक घमेली भरत राहिले. एरॉलचं हसू मावळलं होतं. त्याची नजर आता स्वतःच्या पाइपवर होती. पण तो उतरला नाही. त्याच्यामागे उरलेले चारही उतरले नाहीत.

बऱ्याच वेळाने आल्बर्ट कंबर धरून उभा राहिला. "काय गं," तो म्हणाला, "वर पण हे असंच करायला लागणार? आधी आपल्याच घरचं पाणी तोडायचं?"

"हो."

"मग कोण करणार आहे ते!"

डायनाने कोपराने तोंडावरचा चिखल पुसला आणि रिकामं घमेलं त्याच्यापुढे धरलं.

"भरा, पप्पा," ती म्हणाली. "हिल्डा टीचर, बंद नका करू. बाईंनी विचारलंय, कोण अडवतं ते."